ऐकू येते, पण उमगत नाही



काही महिन्यांपूर्वी एक सूनबाई आपल्या सासऱ्यांना घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. गृहस्थ चौऱ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त शिक्षक. पत्नीचे निधन होऊन दीड वर्ष झालेले. सूनबाईंच्या तक्रारी दोन होत्या. पहिली, "दादा विसरायला लागलेत." दादा दर आठवड्याला पिंपरीहून मेट्रोने मंडईजवळ राहणाऱ्या आपल्या बहिणीकडे जात. गेल्या महिन्यात दोनदा ते मंडईला न उतरता थेट स्वारगेटला पोचले. त्यानंतर त्यांनी जाणेच बंद केले. दुसरी तक्रार सूनबाईंनी ते वजनकाट्याकडे गेलेले पाहून हळू आवाजात सांगितली. दादा रात्री जुना फोन कानाशी धरून आईंचा आवाज ऐकत बसतात. एकच निरोप, पुन्हा पुन्हा. "डॉक्टर, हे स्मृतिभ्रंशाचं लक्षण तर नाही ना?"

मी दादांना समोर बसवून तारीख, वार, पंतप्रधानांचे नाव, शंभरातून सात वजा करीत जाणे असे नेहमीचे प्रश्न विचारले. गणिताच्या शिक्षकाने त्या वजाबाक्या माझ्यापेक्षा लवकर केल्या. मग मी संगणकाकडे तोंड वळवून, टंकलेखन करीत करीत, साध्या आवाजात विचारले, "सकाळी नाश्त्याला काय घेतलंत?"

दादा म्हणाले, "हो, बरी लागते झोप."

सूनबाईंना हसू आले, आणि लगेच त्या गंभीर झाल्या. मी दादांकडे वळून विचारले, "गाडीत स्थानकाचं नाव पुकारतात ना?" ते म्हणाले, "पुकारतात हो. आवाज चांगला मोठा असतो. पण रांजणात तोंड घालून कुणी बोलावं तसं वाटतं. ऐकू येतं, पण उमगत नाही. दरवाजाजवळ गर्दी असली की पाटीही दिसत नाही." क्षणभर थांबून त्यांनी जोडले, "दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा चुकलो असतो तर घरच्यांनी एकट्याला सोडलंच नसतं. म्हणून मीच थांबलो."

दादा विसरत नव्हते. त्यांचा कान त्यांना दगा देत होता, आणि तो दगा झाकण्यासाठी ते आपले जग आवरते घेत होते. आजचे हे टिपण त्यांच्यासारख्या वाचकांसाठी आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांसाठी आहे.

आवाज मोठा, तरी अर्थ हरवतो

आपल्या अंतर्कर्णात शंखाच्या आकाराची एक नळी असते. तिच्यात सुमारे पंधरा ते सोळा हजार केशपेशी असतात. ध्वनीच्या लहरींचे विद्युत संदेशांत रूपांतर करणे हे त्यांचे काम. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे आवाज टिपतात आणि टोकाकडील पेशी खालच्या पट्टीचे. वय वाढते तशा तोंडाजवळच्या पेशी आधी झिजतात. त्वचेप्रमाणे त्या पुन्हा उगवत नाहीत.

याचा परिणाम भाषेवर कसा होतो ते पाहावे. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि त्यांच्यात जोर असतो. स, श, त, थ, क, च, फ ही व्यंजने उंच पट्टीत, क्षीण आणि क्षणिक असतात. आवाजाचा मोठेपणा स्वरांत असतो, तर शब्दाचा अर्थ बहुतांशी व्यंजनांत. वयोपरत्वे कमी ऐकू येणाऱ्या माणसाला 'सात' आणि 'आठ' यांत 'आ' तेवढा स्पष्ट ऐकू येतो. आता फलाट सातवा की आठवा, हे त्याने कसे ओळखावे?

घराघरांत होणारा एक वादही यातूनच उद्भवतो. आजोबांना कळले नाही म्हणून मुलगा ओरडून बोलतो. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने तशीच राहतात. शिवाय झिजलेल्या कानाला मोठा आवाज एकदम असह्य होतो. मग आजोबा चिडून म्हणतात, "ओरडू नकोस, ऐकू येतंय मला!" दोघेही आपापल्या जागी खरे असतात.

आता हा कान घेऊन भुयारी स्थानकात उतरावे. तिथे भिंती, फरशा, छत सारे कठीण. पडदे नाहीत, गालिचे नाहीत, वर मोकळे आकाश नाही. आवाज आदळून परत येतो आणि आधीच्या अक्षराचा घुमारा पुढच्या अक्षरावर पसरतो. फलाटभर लावलेल्या अनेक ध्वनिक्षेपकांतून एकच वाक्य किंचित पुढेमागे कानावर पडते. त्यात येणाऱ्या गाडीचा गडगडाट आणि पंख्यांची घरघर. तरुण मेंदू या गोंगाटातून शब्द निवडून घेतो. साठीनंतर ही निवड मंदावते. ध्वनिमुद्रित सूचनेची आणखी एक अडचण आहे. समोरच्या माणसाचे ओठ व चेहरा पाहून आपण नकळत निम्मे समजून घेत असतो. फलाटावरील आवाजाला चेहरा नसतो, आणि "काय म्हणालात?" असे त्याला विचारताही येत नाही.

तीन शब्दांची सूचना

जगातील पहिली भुयारी रेल्वे लंडनमध्ये १० जानेवारी १८६३ रोजी सुरू झाली. पुढे एक शतकभर फलाटावरील सूचना कर्मचारीच तोंडाने देत. काही स्थानकांत फलाट वळणावर आहेत. गाडीचे डबे सरळ असतात. वाकड्या फलाटाला सरळ डबा लागला की मध्ये फट राहते, आणि त्या फटीत पाय जाण्याचा धोका असतो. एम्बँकमेंट स्थानकावरील नॉर्दर्न मार्गाचा उत्तरेकडे जाणारा फलाट असाच आहे. १९१४ मध्ये तिथे गाडी वळवून परत नेण्यासाठी थेम्स नदीखालून एक वर्तुळाकार बोगदा काढला होता. १९२६ मध्ये मार्ग पुढे वाढला, पण हा फलाट त्या जुन्या वळणावरच राहिला.

प्रत्येक गाडीला तीच सूचना देऊन कर्मचारी थकत. म्हणून १९६८ च्या सुमारास यंत्राकडून ती वदवून घेण्याचे ठरले. त्या काळी ध्वनी साठवणारी इलेक्ट्रॉनिक स्मृती फार महाग होती. सूचना जितकी लांब, तितका खर्च अधिक. म्हणून तीनच शब्द निवडले गेले: "माइंड द गॅप". मराठीत सांगायचे तर, "फट सांभाळा".

खर्च वाचवण्यासाठी केलेली ही काटकसर ज्येष्ठांच्या कानाला फार सोयीची ठरली. शब्द तीनच, प्रत्येक एका अक्षरावयवाचा, दोन शब्दांमध्ये श्वासाएवढी जागा, आणि वाक्य पुन्हा पुन्हा. घुमारा विरायला वेळ मिळतो. एकदा निसटले तरी दुसऱ्यांदा सापडते. घरात वडीलधाऱ्यांशी बोलताना आपणही हेच करावे, असे मी काळजीवाहकांना सांगतो. "अहो बाबा, ते मघाशी फोन आला होता ना, तर उद्या सकाळी साडेनऊला तपासणीला जायचंय, उपाशीपोटी, विसरू नका हं" असे एका दमात म्हणू नये. "बाबा." ते वळून पाहतील. "उद्या तपासणी आहे." थांबावे. "साडेनऊला. उपाशीपोटी." एवढे पुरते.

एम्बँकमेंटवरील आवाज

या सूचनेची आणखी एक हकीकत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण दादांच्या दुसऱ्या तक्रारीचे उत्तर तिच्यात आहे.

लंडनच्या नॉर्दर्न मार्गावर ती तीन अक्षरे अनेक वर्षे ऑस्वल्ड लॉरेन्स नावाच्या एका नटाच्या आवाजात ऐकू येत. कालांतराने नव्या यंत्रणा आल्या, नवे आवाज आले. एकेका स्थानकावरून लॉरेन्स यांचा आवाज निघून गेला आणि शेवटी एम्बँकमेंटच्या त्या वळणदार फलाटावर तेवढा उरला. २००७ मध्ये लॉरेन्स यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी व्यवसायाने डॉक्टर, माझ्यासारख्याच जनरल प्रॅक्टिशनर. पतीची फार आठवण आली की त्या एम्बँकमेंटच्या फलाटावर जाऊन बसत. आलेली गाडी सोडून देत आणि पुढच्या गाडीची वाट पाहत, म्हणजे आवाज आणखी एकदा ऐकायला मिळे.

२०१२ च्या नोव्हेंबरमध्ये त्या गेल्या, तेव्हा फलाटावर दुसराच आवाज होता. नव्या डिजिटल यंत्रणेने जुने ध्वनिमुद्रण बाजूला सारले होते. बाईंनी रेल्वेकडे विचारणा केली, निदान आवाजाची एक प्रत मिळेल का? कर्मचाऱ्यांनी जुन्या संग्रहातून ते ध्वनिमुद्रण शोधून काढले आणि त्यांना त्याची तबकडी दिली. त्यांनी एवढ्यावर थांबायचे नाही असे ठरवले. २०१३ च्या आरंभी एम्बँकमेंटच्या त्या एका फलाटावर लॉरेन्स यांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

त्या बाई स्वतः डॉक्टर होत्या. तासन्‌तास फलाटावर बसणे हे आजारपण आहे असे कुणी म्हटले असते, तर त्यांना ते तपासण्याची विद्या होती. त्यांनी आवाज मागितला, आणि मागताना संकोच केला नाही.

आणखी एका जनरल प्रॅक्टिशनरचे काम इथे आठवते. वेल्समधील डॉ. ड्युई रीस यांनी आपल्या भागातील २९३ विधवा-विधुरांशी बोलून १९७१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना दिवंगत जोडीदार जवळ असल्याचा काही ना काही अनुभव आला होता, आणि सुमारे १३ टक्के लोकांना त्याचा किंवा तिचा आवाज ऐकू आला होता. बहुतेकांनी ही गोष्ट कुणापाशीही बोलून दाखवली नव्हती. आणि पुष्कळांना त्या अनुभवाचा आधारच वाटला होता.

म्हणजे, गेलेल्या माणसाची हाक कानावर आल्यासारखी वाटणे हे शोकाचे नेहमीचे रूप आहे. ते वेडही नव्हे आणि स्मृतिभ्रंशही नव्हे. फोनमध्ये जपलेला खरा आवाज मुद्दाम लावून ऐकणे तर त्याहूनही साधी गोष्ट. आपण तसबिरीला हार घालतो, तशीच. मात्र आवाज धमकावत असतील, काही करायला सांगत असतील, त्यांची भीती वाटत असेल किंवा सोबत वागण्यात आणि स्मरणात बदल होत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. निधनाला वर्ष उलटूनही जेवण, झोप, अंघोळ यांचा नाद सुटलेला असेल, किंवा "आता मला जगायचं नाही" असे शब्द निघत असतील, तर त्याच दिवशी दाखवावे.

काळजीवाहकांना माझी एक विनंती आहे. वडीलधाऱ्यांचा जुना फोन बदलण्यापूर्वी त्यातील ध्वनिसंदेश दोन ठिकाणी उतरवून ठेवावेत. दादांचा मुलगा दिवाळीच्या सवलतीत तो फोन देऊन नवा घेणार होता. सूनबाईंनी तिथल्या तिथे त्याला फोन लावून थांबवले.

आता काय करावे

प्रथम घरच्या घरी एक सोपी चाचणी करावी. शांत खोलीत वडीलधाऱ्यांना खुर्चीवर बसवून त्यांच्या मागे हातभर अंतरावर उभे राहावे, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. त्यांना एक कान बोटाने झाकून ते बोट हलकेच चोळत राहायला सांगावे. आपण श्वास पूर्ण सोडून कुजबुजत्या स्वरात तीन अक्षरे-आकडे म्हणावेत, उदाहरणार्थ "चार, क, दोन". चुकले तर दुसरे तीन म्हणावेत. सहांपैकी तीनही बरोबर सांगता आले नाहीत, तर त्या कानाची तपासणी आवश्यक आहे. मग दुसरा कान.

डॉक्टर आधी कानात मळ साठला आहे का ते पाहतील. पुष्कळदा तेवढाच दोष असतो. कानात काडी, पिन, गरम तेल घालू नये. त्यानंतर ऑडिओमेट्री करावी; ती वेदनारहित असून सुमारे अर्ध्या तासात होते. मधुमेह असल्यास, कारखान्यातील गोंगाटात नोकरी झाली असल्यास, किंवा काही विशिष्ट प्रतिजैविके, कर्करोगावरील औषधे वा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या मोठ्या प्रमाणात घेतल्या असल्यास ते सांगावे. आणि एक गोष्ट विसरू नये: एखादा कान एकाएकी, तासांत किंवा दोन-तीन दिवसांत बंद झाला, तर "सर्दीने झाले असेल" म्हणून थांबू नये. ती तातडीची अवस्था आहे. लवकर उपचार सुरू झाले तर ऐकू येणे परत मिळण्याची शक्यता असते. आठवडे गेले की ती मावळते.

श्रवणयंत्राविषयी दोन शब्द. चष्मा लावताच दिसते, तसे यंत्र लावताच ऐकू येत नाही. वर्षानुवर्षे न ऐकलेले आवाज मेंदूला पुन्हा ओळखावे लागतात. पहिल्या आठवड्यात शांत घरात रोज दोन-तीन तास लावावे, मग वेळ वाढवावा, आणि बाजार, मेट्रो यांसारख्या ठिकाणी शेवटी जावे. सुरुवातीला भांड्यांचा, वर्तमानपत्राच्या घडीचा आवाज कर्कश वाटतो. तो वाटणारच. यंत्र कपाटात ठेवून देण्याऐवजी ते बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे दोन-तीनदा जाऊन जुळवून घ्यावे. दोन्ही कानांत दोष असेल तर शक्यतो दोन्ही कानांना यंत्र लावावे, म्हणजे आवाज कोणत्या दिशेने आला ते कळते. यंत्र घेताना त्यात टेलिकॉइल आहे का ते विचारावे. लंडनसह अनेक शहरांत तिकीट खिडक्यांवर आणि सभागृहांत अशी तार बसवलेली असते की टेलिकॉइल चालू करताच बोलणाऱ्याचा आवाज गोंगाट वगळून थेट यंत्रात येतो. परदेशी मुलांकडे जाणाऱ्यांना याचा उपयोग होईल. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना २०१७ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते.

प्रवासासाठी कानावरचा भार डोळ्यांवर आणि बोटांवर टाकावा. निघण्यापूर्वी आपले स्थानक कितवे ते मोजून कागदावर लिहावे. डब्यात शिरताच नावे दाखवणारा फलक जिथून दिसेल तिथे बसावे. शेजारच्या तरुणाला आधीच सांगून ठेवावे, "मला मंडईला उतरायचंय, आलं की हात लावा." आपल्याकडची मुले आनंदाने सांगतात. उतरताना सूचनेची वाट न पाहता खाली पाहावे, दांडा धरावा, पाऊल उचलून टाकावे. दरवाजा बंद होत असेल तर धावू नये. पुढची गाडी येतेच.

हे सारे केवळ सोयीसाठी नाही. वैद्यकातील 'लॅन्सेट' या नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे चौदा धोके सांगितले. कमी ऐकू येणे हा त्यांपैकी एक आहे. यंत्र लावले म्हणजे स्मृतिभ्रंश होणारच नाही, असा दावा मी करणार नाही. पण ज्याला शब्द उमगत नाहीत तो बोलणे टाळतो, मग जाणे टाळतो, मग माणसे टाळतो, हे मी दवाखान्यात रोज पाहतो. दादांना त्यांच्या बहिणीने तीन महिने पाहिले नव्हते.

दादांच्या दोन्ही कानांत वयोपरत्वे आलेला मध्यम दोष निघाला. यंत्रे बसली. पहिले पंधरा दिवस ते माझ्यावर नाराज होते. पंख्याचा आवाज किती, म्हणून. सहा आठवड्यांनी एकटेच आले. मंडईला जाऊन आलो, म्हणाले, बरोबर स्थानकावर उतरलो. मग त्यांनी खिशातून तो जुना फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. पत्नीचा निरोप अगदी साधा होता. "अहो, मी पोचले. भाजी झाकून ठेवलीय. गोळी घेतलीत का?"

"हा निरोप मला पाठ होता," दादा म्हणाले. "पण परवा यंत्र लावून ऐकला, तर मागे बांगड्यांचा आवाज आला. बोलताना हात हलवायची तिला सवय होती. दीड वर्ष ऐकतोय, तो आवाज मला कधी आलाच नव्हता."

बांगड्यांची किणकिण उंच पट्टीची असते. वयाच्या कानाला ती आधी सोडून जाते. वैद्यकीय स्पष्टीकरण एवढेच. मी ते त्यांना सांगितले नाही. त्यांनी निरोप पुन्हा लावला आणि आम्ही दोघांनी तो ऐकला.

या पंधरवड्यात आपल्या घरातील वडीलधाऱ्यांची ती कुजबुजीची चाचणी अवश्य करावी. आणि वाचकहो, आपण स्वतः साठीपुढचे असाल, तर ती करायला घरच्यांना आपणच सांगावे.